केरबाच्या लेकीची सुरी

“मग ठसा कधी माराल, उस्ताद?”

“कशावर?”

“या सुरीवर.”

“नक्षी कुठंय?”

“ती काय, आत्ता काढते. तुम्ही ठशाचं सांगा.”

उस्तादांनी चष्मा सदऱ्याला पुसला, परत नाकावर ठेवला आणि सुरीकडं बघत बसले. पोरीकडं बघितलंच नाही...

मी चुलीपाशी होते. मला हसू आलं. आमच्या उंबऱ्यातून आत येणारी माणसं आधी पाया पडतात, मग उस्तादांच्या तब्येतीची चौकशी करतात, मग चहा संपता संपता हळूच ठशाचा विषय काढतात. ही पोरगी चप्पल काढायच्या आधी ठशावर आली होती. मला ती तिथंच आवडली.

आमच्या म्हाताऱ्याला लोक उस्ताद म्हणतात. दस्तगीर शिकलगार हे नाव. वडगावच्या आसपास कुणाच्या घरात नक्षीची सुरी नाहीतर अडकित्ता असेल, तर तो याच हातातून गेलेला. दुसऱ्याचं काम पसंत पडलं तरच ते त्यावर आपला ठसा मारतात. लोकांसमोर मीही उस्तादच म्हणते. घरात काय म्हणते ते सांगत नाही.

मी हलीमा, त्यांची बायको. राळ, विटकरीची पूड आणि गोडंतेल एकत्र कढवलं की चिकट लगदा होतो. तो लाकडी ठोकळ्यावर थापायचा, त्यात पातं बसवायचं, आणि थंड झालं की पातं हलत नाही. मग त्यावर नक्षी कोरायची. तो लगदा माझ्या हातचा. त्यात मी कुणाला लुडबुड करू देत नाही, उस्तादांनाही नाही.

आणि ही पोरगी म्हणजे संजीवनी, नदीपलीकडच्या केरबा लोहाराची लेक.

लग्नसराईत ती मेंदी काढायची. कागदावर आखणी नाही, ठिपके नाहीत. नवरीचा हात समोर आला की हिची वेल सुरू. लांबलांबून बोलावणी यायची तिला. सराई संपली की बापाच्या भट्टीवर घण मारायची. बोटं मेंदीनं लाल आणि तळहाताला घट्टे, असा तो हात होता.

सुरी तिनं स्वतः घडवली होती.

उस्तादांनी पात्याला टिचकी मारली आणि कानाशी नेऊन ऐकली. मग पाठीवरून अंगठा फिरवला.

“कुणी ठोकलं?”

“मी.”

“बापानं हात लावला नाही?”

“आप्पा खाटेवर बसून शिव्या देत होते. तेवढाच हात.”

उस्ताद हसले. पोरीला नाही, पात्याला हसले. पण हसले.

“पातं चांगलं आहे.”

“माहीत आहे मला.”

मी तोंडाला पदर लावला. आमच्याकडं असं उत्तर कुणी देत नाही.

आता ठशाची एवढी घाई का, ते सांगते. केरबाचा खांदा निकामी झाला होता. भट्टीची जागा मागायला एक वेल्डिंगवाला रोज दारात यायचा. पोरगी म्हणायची, भट्टी मी चालवते. केरबा म्हणायचा, बाईच्या जातीला भट्टी कोण चालवू देईल, आणि दिली तरी गिऱ्हाईक कोण येईल. शेवटी वैतागून त्यानं शब्द दिला. दस्तगीरचा ठसा असलेली सुरी आण, तुझ्या हातची, पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझ्याच हातची. आणलीस तर भट्टी तुझी. नाहीतर बाजाराच्या दिवशी मी त्या माणसाला हो म्हणतो.

बाजार उद्याच होता.

केरबा शब्दाचा पक्का. दोन्ही बाजूंनी पक्का, हीच तर पंचाईत होती.

पात्याला अजून पाणी दिलेलं नव्हतं. पातं लालबुंद करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, आणि मग त्यावर काही कोरता येत नाही. म्हणून आधी नक्षी, मग ठसा, आणि सगळ्यात शेवटी पाणी. ते पाणी केरबा स्वतः देणार होता. तेवढं एक काम तो अजून कुणावर सोडत नव्हता.

“भंगारातला पत्रा देऊ का आधी, हात बसवायला?” मी पोरीला विचारलं. आमच्याकडं काय रीत आहे हे मला माहीत होतं. तरी विचारलं. उद्याचा बाजार मलाही दिसत होता.

उस्तादांनी मान हलवली.

“आपल्याकडं पहिली रेघ पत्र्यावर मारत नाहीत.”

“का?” पोरीनं विचारलं.

“पत्र्यावर भीती वाटत नाही.”

“मला सुरीवर पण वाटत नाही.”

“मग बस.”

ती मांडी घालून बसली. बाह्या वर सारल्या.

“नक्षी मला येते, उस्ताद. फक्त लोखंडावर कधी काढली नाही. लोखंड तेवढं नवीन आहे.”

“लोखंड तर तू पाळण्यातून बघतेस.”

“मग नवीन काय आहे?”

उस्तादांनी कोरणी उचलून तिच्यासमोर ठेवली.

कोरणी म्हणजे बोटाएवढी पोलादी सळी. एका टोकाला तिरकी धार, दुसऱ्या टोकाला लाकडाची गोल मूठ. मूठ तळव्यात बसवायची आणि तळव्यानं पुढं रेटायचं. हातोडी नाही, ठोकणं नाही. जोर तळव्याचा.

मी लगदा थापला, पातं बसवलं, वर गार पाण्याचा हात फिरवला. ठोकळा आमच्या वाळूच्या पिशवीवर ठेवला. चामड्याची गोल पिशवी आहे ती, आत बारीक वाळू. सासऱ्यांच्या वेळची आहे.

पोरीनं ठोकळ्याला बोट लावलं. ठोकळा पिशवीवर फिरला.

“चाची, हा हलतोय.”

“हं.”

“हलता कामा नये. पाचरी आहेत का?”

मी उस्तादांकडं बघितलं. उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याला मी काही घाबरत नाही, पण ऐकते. खाटेच्या पायाखालच्या दोन पाचरी काढून तिला दिल्या.

तिनं त्या ठोकळ्याखाली दोन्ही बाजूंनी ठोकून बसवल्या. हलवून बघितलं. आता ठोकळा जागचा हलत नव्हता. ती खूश झाली.

“आता बघा,” ती म्हणाली.

तिनं पात्यावर खडूची एकही खूण केली नाही. मनातल्या मनात वेल बघितली, कोरणी टेकवली आणि रेटली.

रेघ सुरू झाली. खोटं कशाला बोलू, सुरेख सुरू झाली. पात्याच्या पाठीलगत सरळ निघाली, पुढं लोखंडाची बारीक तार निघून गुंडाळत गेली. पहिल्याच रेघेला अशी अखंड तार मी कुणाची बघितली नव्हती. पोरीच्या ओठांवर हसू आलं.

मग वेलीचं पहिलं वळण आलं.

तिनं मनगट वळवलं.

कर्र...

कोरणी उडाली. वेलीच्या वळणापासून निघाली ती थेट धारेपर्यंत गेली. चकचकीत पात्यावर एक आडवा ओरखडा, चांगला खोल.



पोरीनं कोरणीचं टोक उजेडात धरून बघितलं.

“कोरणी बोथट आहे,” पोरगी म्हणाली.

उस्तादांनी कोरणी घेतली. आपल्या अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवली. टोक नखात रुतून उभं राहिलं. त्यांनी ते तिला दाखवलं आणि कोरणी परत ठेवली.

पोरीनं मान खाली घातली. पण लगेच वर केली. ती हार मानणाऱ्यातली नव्हती.

“घासून काढते. शाण आहेच तुमच्याकडं.”

“काढ.”

“चालेल?”

“तिथं पातं पातळ होईल. तुझा बाप लाल करून पाण्यात घालेल तेव्हा त्या जागी वाकेल. वाकलं की माझ्या नावानं ओरडू नकोस.”

हे तिला सांगायची गरज नव्हती. तिनं बापाच्या भट्टीवर अशी वाकलेली पाती ढिगानं बघितली असणार. तिचे हात मांडीवर आले.

“मग त्याच्यावर पान काढते. मोठं पान काढलं की झाकून जाईल.”

“कुठल्या फांदीचं?”

“काय?”

“पान. वेल इथंच तुटली. पान कुठल्या फांदीला लावणार?”

मेंदीत अशी चूक झाली तर ती बोटानं पुसत असणार आणि वर काहीतरी भरत असणार. इथं बोटानं पुसून बघितलं तिनं. खरंच पुसलं. मला वाईट वाटलं.

मग ती पुढं सरकली आणि आवाज खाली आणला. मी तिथं नाहीच असं समजून बोलली.

“उस्ताद... तुम्ही एकदा कोरणी फिरवा. तुमच्या हाताला काय अवघड. दोन वळणं फक्त. ओरखडा वेलीत मिसळून जाईल. आप्पांना कळणार पण नाही.”

“मग भट्टी मला देईल तो.”

“उस्ताद, चेष्टा नको.”

“चेष्टा नाही. माझं वय झालंय. भट्टीचं मी काय करू?”

पोरगी उठली. पदर नव्हता, ओढणी होती, ती कमरेला करकचून बांधली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. तो राग उस्तादांवर होता की स्वतःवर, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसेल.

“जाते मी.”

“सुरी?”

“राहू दे. भंगारात घाला.”

“बस,” उस्ताद म्हणाले. “चहा होतोय.”

चहा होत नव्हता. मी आत गेले आणि आधण ठेवलं. उस्ताद माझ्या मागं आत आले, पाणी प्यायच्या निमित्तानं.

मी धरलंच त्यांना. म्हटलं, “काय जातंय तुमचं? मारा की ठसा. चांगली पोरगी आहे. पातं तुम्हालाच आवडलंय. एका ओरखड्यावरून तिची भट्टी जाणार, आणि तुम्ही इथं फांद्या मोजत बसलाय.”

ते तांब्यातून पाणी प्याले. सावकाश प्याले. या माणसाला कधीच घाई नसते, आणि त्यापायी माझं अर्धं आयुष्य चडफडण्यात गेलं आहे.

“ठसा कपाटात आहे,” ते म्हणाले. “तूच मार.”

मी कपाटाकडं बघितलं. हात लांब केला असता तर पोचला असता.

चहाला उकळी आली. मी चहा गाळला.

बाहेर आलो तर पोरगी गेली नव्हती. दारात उभी होती, पाठमोरी, एका पायात चप्पल. मी कप दिला. तिनं घेतला. म्हटलं चला, निदान कप रिकामा होईपर्यंत तरी थांबेल.

उस्ताद आपल्या जागेवर बसले. आणि काय केलं असेल? डावा हात पुढं केला. तळवा वर, बोटं पसरलेली.

“कोन आहे पिशवीत?”

“कसला कोन?”

“मेंदीचा.”

“आहे. का?”

“लाव.”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी तरी काय सांगणार? आमच्या लग्नात या माणसानं करंगळीला मेंदीचा ठिपका लावू दिला नव्हता. त्यांची आई विनवण्या करून थकली होती. आणि आज पांढऱ्या दाढीनं हात पुढं करून बसला होता.

“मस्करी करताय का माझी?”

“नाही. तीच वेल लाव. सुरीवर जी काढणार होतीस ती.”

तिनं कप खाली ठेवला. दुसरी चप्पल घातली नाही, पहिलीही काढून आली. पिशवीतून कोन काढला, टोक कापलं. उस्तादांसमोर बसली.

उस्तादांनी हात लाकडी पाटावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला. नुसता घट्ट नाही, मनगटापासून ताठ. मी लांबून बघत होते, मला शिरा दिसत होत्या.

ती सुरू झाली. मनगटाच्या बाजूनं सरळ निघाली. छान निघाली. वळणाशी आली आणि अडखळली. वळण जाड झालं. तिनं हात उचलला, दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. तिथं गोळा झाला.

“उस्ताद, हात ढिला सोडा.”

उस्तादांनी सोडला नाही.

“अहो ढिला सोडा ना. असा ताठ धरला तर कशी काढणार मी? मला फिरवता आला पाहिजे.”

“काय फिरवता आला पाहिजे?”

“तुमचा हात.”

उस्तादांनी हात ढिला सोडला.

पोरीनं गोळा झालेली मेंदी बोटानं निपटली. डाव्या हातानं उस्तादांचं मनगट धरलं. कोनाचा हात जागच्या जागी, आणि मनगट हळूहळू वळत गेलं. वेल वळली. मनगट उलटं वळलं, वेल उलटी वळली. पान आलं, दुसरं पान आलं, त्यातून तंतू निघाला. मला तर गंमतच वाटली. इतकी वर्षं मेंदी बघते मी, पण कोनापेक्षा नवरीचाच हात जास्त फिरतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या पानाशी पोरगी थांबली.

कोन हवेत. उस्तादांचं मनगट तिच्या डाव्या हातात.

ती आपल्या डाव्या हाताकडं बघत होती...

मग तिनं मान वळवून ठोकळ्याकडं बघितलं. त्याच्याखाली दोन्ही बाजूंना तिनंच ठोकलेल्या पाचरी होत्या.

“थांबलीस का?” उस्ताद म्हणाले. “मेंदी वाळेल.”

तिनं उरलेलं पान पुरं केलं. अर्धवट सोडलं नाही, हे मला आवडलं. कोन बाजूला ठेवला, हात पुसले, ठोकळ्यापाशी गेली आणि दोन्ही पाचरी उपसून काढल्या. ठोकळ्याला बोट लावलं. ठोकळा वाळूवर अलगद फिरला, कुठंही अडला नाही.

ती माझ्याकडं वळली.

“चाची, तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग पाचरी दिल्यात का?”

“तू मागितल्यास.”

तिनं दात-ओठ खाल्ले. मग हसली. आल्यापासून पहिल्यांदा अशी हसली की त्यात दाखवायचं काही नव्हतं.

कोरणी हातात घेतली. तळव्यात मूठ बसवली. आणि तशीच बसली. बराच वेळ बसली. मघाशी खडूची खूणसुद्धा न करणारी पोरगी आता टोक टेकवायलाही तयार नव्हती. म्हटलं, हिला आता भीती कळली, आणि भीती कळलेल्या माणसाचा हात उचलत नाही.

“उस्ताद.”

“हं.”

“कुठून सुरू करू? पलीकडच्या टोकाकडून करू का? तिकडं पातं कोरं आहे.”

“घसरलीस कुठं?”

“इथं. वळणावर.”

“मग?”

तिनं एकदा दाराकडं बघितलं. माझ्या मनात आलं, आता खरंच जाते ही. तिनं कोरणीचं टोक ओरखडा जिथं सुरू झाला होता नेमक्या त्या जागी टेकवलं, डावा हात ठोकळ्यावर ठेवला.

उजवा हात हलला नाही. ठोकळा फिरला.

तार निघाली. बारीक, चकचकीत, गुंडाळत जाणारी. वळण आलं आणि कोरणीच्या खालून सुरी वळत गेली. ओरखडा एका अंगाला राहिला. वेल त्याच्या शेजारून पुढं निघाली.



मग ती थांबली नाही. वेल पाठीलगत पुढं सरकली, दोन ठिकाणी पानं फुटली. एक पान जरा जाडं झालं. उस्तादांनी ते बघितलं. दुसरं पान असं उतरलं की मी उठून जवळ जाऊन बघून आले. दाराजवळचं ऊन भिंतीवर चढलं. मी भाकरी थापल्या, तिला खायला बोलावलं, ती आली नाही. बोलावणंच ऐकू गेलं नव्हतं.

मधे एकदा कोरणी पुन्हा कुरकुरली. पोरीनं रेटणं थांबवलं, ठोकळा केसभर मागं फिरवला, आणि पुढं गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही.

उस्ताद डावा हात गुडघ्यावर ठेवून, मेंदी वाळवत बसले होते. तिच्याकडं फारसं बघतही नव्हते. मी त्यांना ओळखते. ज्याची काळजी वाटते त्याच्याकडं ते बघत राहतात. ज्याची वाटत नाही, त्याला सोडून देतात.

वेल पात्याच्या टोकाशी पोचली. तिथं तिनं एक लहानशी कळी काढली आणि कोरणी खाली ठेवली.

“झालं,” ती म्हणाली.

मी लगदा शेकवला, पातं सोडवलं, रॉकेलच्या बोळ्यानं पुसून उस्तादांच्या हातात दिलं. उस्तादांनी दिव्याची काजळी घेतली आणि अंगठ्यानं पात्यावर चोळली. आमच्याकडं असंच बघतात. काजळी चोळून वरची पुसून काढली की कोरलेलं तेवढं काळं उठून दिसतं, आणि काही लपत नाही.

वेल उठली. भरघोस उठली. कळी तर हाताला लागेल अशी दिसत होती.

ओरखडाही उठला. वेलीइतकाच काळा, वळणापासून धारेपर्यंत.

उस्तादांनी सुरी लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली. ओरखड्यावरून बोट फिरवलं, तिथून बोट वेलीवर आलं, आणि वेलीवरून टोकापर्यंत गेलं. मग पहिल्या वळणापाशी परत येऊन थांबलं.

“हलीमा,” ते म्हणाले. “ठसा.”

मी इतक्या झटकन उठले की गुडघ्यात कळ आली. कपाटातून ठसा आणला. डाळिंबाच्या फुलाचा आहे आमचा ठसा, नखाएवढा. कितीतरी लोकांनी या फुलासाठी आमच्या पायऱ्या झिजवल्या आणि हात हलवत परत गेले. त्यात मोठमोठे लोक होते. मी नावं घेत नाही.

उस्तादांनी सुरी ऐरणीवर ठेवली. मूठ जिथं बसणार त्या टोकाला ठसा टेकवला. एकच घाव घातला.

मला वाटलं आता पोरगी नाचेल. निदान उस्तादांच्या पाया पडेल. तिनं दोन्ही केलं नाही. सुरी हातात घेतली, उंबऱ्यापाशी उजेडात गेली आणि उभी राहिली. एका बाजूनं बघितली, दुसऱ्या बाजूनं बघितली. चेहऱ्यावर आनंद होता, नव्हता असं नाही. पण तो पुरता वर येत नव्हता.

“काय झालं?” मी विचारलं.

ती माझ्याशी बोलली नाही. उस्तादांकडं वळली. आवाजात आता तोरा नव्हता. सरळ बोलली, एका कारागिरानं दुसऱ्याशी बोलावं तशी.

“उस्ताद, आप्पांना वेलबुट्टीचं काही नाही. लोहार माणूस आहे. ही सुरी हातात घेतली की ते वेल बघणार नाहीत, कळी बघणार नाहीत. तुमचा ठसासुद्धा नंतर बघतील. आधी हा ओरखडाच बघतील.”

उस्तादांनी कोरणी फडक्यानं पुसली. पुसून जागेवर ठेवली.

“बघू दे,” ते म्हणाले. “ओरखड्याच्या पुढची रेघ पण तिथंच आहे.”